डबा घरी ठेवून
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘थायलंडच्या आडवाटा’. बँकॉक, पट्टाया, फुकेत यांच्यावर मी बोलणार नाही. इथले निम्मे लोक तिकडे जाऊन आलेत आणि उरलेल्यांनी त्यांचे फोटो पाहिलेत. (हशा) अयुथया, रामकियन, तिथला बौद्ध धर्म यांवर गेल्या वर्षी याच व्यासपीठावर चांगलं व्याख्यान झालं, तेव्हा तेही तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. माझ्यापुढे टेबलावर दोन वस्तू आहेत. ही एक बांबूची, खाली निमुळती होत गेलेली टोपली. रोवळीसारखी, पण खोल. आणि ही दुसरी, झाकणाची, उभट, गळ्यात अडकवायला दोरी असलेली. टोपलीला ‘हुअत’ म्हणतात, झाकणवालीला ‘क्रतिप’. मागच्यांना दिसत नसतील, शेवटी पुढे या.

थायलंडचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उजवीकडे वर जो मोठा फुगवटा आहे, तो ईशान. हो, आपलाच शब्द. जुन्या वाड्यात ज्या कोपऱ्यात देवघर असायचं तो ईशान्य कोपरा, तेच नाव एका अख्ख्या प्रदेशाचं. २० प्रांत आणि देशाचा सुमारे एक तृतीयांश भाग. गावांची नावं वाचताना मला वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटलं. उबोन राचथानी, म्हणजे उत्पल आणि राजधानी, कमळांची राजधानी. यसोथोन म्हणजे यशोधर. पण घराघरांत बोलली जाते ती लाओ भाषेची बोली. बँकॉकच्या थाई माणसालाही ती पटकन समजत नाही.

मी तीस वर्षं भूगोल शिकवला आणि माझं माहेर माण तालुक्यातलं, त्यामुळे ईशानमध्ये पहिल्या दिवशी मी जमीन बघितली. कोरातचं पठार. वालुकाश्म, त्याच्यावर रेताड माती, आणि खोलवर खनिज मिठाचे थर. हे मीठ कोरड्या दिवसांत जमिनीवर पांढरं फुलून येतं. लोक ती माती खरवडतात, पाण्यात विरघळवतात, गाळतात आणि उकळून मीठ काढतात. उत्तरेला आणि पूर्वेला मेकाँगसारखी नदी, पण पठारावरची बहुतेक शेती पावसावर, आणि पाऊस लहरी. आला तर शेतात गुडघाभर पाणी, गेला तर भेगा. तिथे एक माळरान आहे, तुंग कुला राँग हाय. कुला व्यापारी हे माळरान ओलांडताना थकून रडले, म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. माणदेशातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

घरोघरी पागोळ्यांखाली मोठमोठे सिमेंटचे रांजण दिसले. एकेकात हजार-दोन हजार लिटर पाणी. १९८०च्या दशकात सरकारनं आणि गावकऱ्यांनी मिळून असे लाखो रांजण बांधले. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हाळीतून त्यात पडतं, आणि पुढे कोरड्या महिन्यांत तेच प्यायचं. आमच्याकडे टँकरची वाट बघत घागरींची रांग लागायची, ती मला तिथे उभ्या उभ्या आठवली. यावर वेगळं व्याख्यान होईल, आज थांबते.

पनोम रुंगचं देऊळ तेवढं सांगते, कारण ते सुटलं तर कोल्हापूरकर रागावतील. बुरीराम प्रांतात विझलेल्या ज्वालामुखीवर ख्मेर राजवटीतलं शिवालय आहे. वर्षातल्या ठरावीक दिवसांत सूर्याचे किरण त्याच्या पंधरा दारांतून आरपार जातात. अंबाबाईच्या किरणोत्सवाला जशी गर्दी होते तशी तिथेही होते. तिथली शेषशायी नारायणाची एक शिळा चोरीला गेली होती, ती शिकागोच्या संग्रहालयातून १९८८ साली परत आली. जरूर बघा.

आता मी माझ्या गावाकडे येते. ‘माझ्या’ म्हणते, कारण तिथे मी तीनदा राहिले. यसोथोन प्रांतात आहे. नाव सांगत नाही, क्षमा करा. तिथे बस भरून माणसं जावीत अशी माझी इच्छा नाही.

माझा एक विद्यार्थी बँकॉकला नोकरी करतो. त्याच्या ऑफिसातली एक मुलगी त्या गावची. ईशानच्या कितीतरी घरांतली तरुण मुलं बँकॉकला कामावर असतात, टॅक्सी चालवतात, कारखान्यात असतात, आणि गावात आजी-आजोबा नातवंडं सांभाळतात. सातारा-मुंबईचं जे नातं, तेच. निवृत्तीनंतरच्या आषाढात ही मुलगी सुट्टीला घरी निघाली आणि मी तिच्याबरोबर. उबोनपर्यंत रेल्वेनं ५७५ किलोमीटर, तिसऱ्या वर्गानं, खिडक्या उघड्या. पुढे ‘सोंगथॅव’. शब्दशः अर्थ ‘दोन रांगा’. पिकअप गाडी, मागे समोरासमोर दोन बाकं, मध्ये कोंबड्या, पोती, शाळेची पोरं. तुम्ही हसताय, कारण ते आपलं वडाप आहे. (हशा)

घरात तिची आजी. गावात तिला सगळे ‘मॅयाय’ म्हणत. ‘मॅ’ म्हणजे आई, ‘याय’ म्हणजे मोठी. मोठी आई! वय सत्तरीच्या पुढे, कमरेला फासिन गुंडाळलेलं, अंगात साधा ब्लाउज, हात माझ्या आईसारखे, नखांत माती असलेले.

संध्याकाळी तिनं चटई अंथरली. मध्ये गोल परात ठेवली. परातीत तळ्यातला भाजलेला मासा, बांबूच्या कोवळ्या कोंबांची आमटी, कुटलेली मिरची, काकडी, कुठला तरी कोवळा पाला. आणि शेजारी ही क्रतिप. झाकण काढलं तशी भाताची वाफ आली.

मी काय केलं सांगते. मी पिशवीतून माझा डबा काढला. तीन दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग. मी शाकाहारी, परदेशात पोटाचे हाल होतील म्हणून सगळ्यांनी बजावून दिलेलं. डबा चटईवर उघडला, हात जोडून हसले आणि माझं माझं खायला लागले. मॅयाय माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं परातीतली माझ्या बाजूची वाटी हळूच आपल्याकडे ओढून घेतली आणि नातीला काहीतरी विचारलं. नातीनं खाली बघत उत्तर दिलं. कुणी फार जेवलं नाही. मॅयायनं क्रतिपचं झाकण लावलं आणि ती उठली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी मुलीला विचारलं, आजी काय म्हणाली? ती सांगेना. फार आग्रह केल्यावर म्हणाली, आजीनं विचारलं की आपलं घर यांना स्वच्छ वाटलं नाही का.

श्रोतेहो, मला झोप लागली नाही. आपल्या गावांत एखाद्याच्या घरचं पाणी न पिणं म्हणजे काय असतं, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या पहिल्या शाळेत, एका वाडीत, तपासणीला आलेले पाहुणे काही घरांच्या अंगणात उभे राहत आणि चहा आला की ‘आत्ताच घेतला’ म्हणत. त्या घरांतली मुलं माझ्या वर्गात होती, त्यांचे चेहरे मी पाहिलेत. याच महाराष्ट्रात एकत्र जेवण्यासाठी लोकांनी शिव्या खाल्ल्या, बहिष्कार सोसले. आणि मी तीन हजार किलोमीटरवर जाऊन डब्याच्या झाकणानं तेच केलं. माझा हेतू तसा नव्हता, पण मॅयायला काय दिसलं? परातीकडे पाठ केलेली पाहुणी.

म्हणून आज मी इथे एकच गोष्ट सांगायला आलेय आणि ती मी सगळीकडे सांगते. आडवाटेच्या गावी जायचं तर डबा न्यायचा नाही. चिवडा नाही, ठेपले नाहीत, लोणच्याची बाटली नाही. बरोबर स्वयंपाकी नेणाऱ्या सहलींबद्दल माझी तक्रार नाही, वयस्कर माणसांची त्यानं सोय होते. पण त्या सहलीला गावात नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी उठून मॅयायच्या चुलीपाशी जाऊन बसले. ईशानमध्ये रोजचा भात म्हणजे ‘खाव निआव’, चिकट तांदूळ. आपण भात शिजवतो, ते वाफवतात. तांदूळ रात्रभर पाण्यात भिजवलेला असतो. सकाळी तो धुऊन या हुअतमध्ये घालायचा. खाली ॲल्युमिनियमचं, गळा आवळलेलं भांडं, त्यात पाणी, त्याच्या तोंडावर हुअत बसवायची, वर झाकण. तांदूळ पाण्याला लागतच नाही. अर्ध्या वेळानं मॅयायनं हुअत उचलली, मनगटाला एक झटका दिला आणि आतला सगळा भाताचा गोळा हवेत उडून उलटा होऊन परत टोपलीत पडला. एक शीत खाली नाही. मी प्रयत्न केला, निम्मा भात चुलीवर. ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

मग वाफाळता गोळा लाकडी काठवटीत ओतायचा, लाकडी उलथन्यानं पसरायचा, जादा वाफ जाऊ द्यायची आणि पुन्हा गोळा करून क्रतिपमध्ये भरायचा. बांबूच्या विणीतून जरा हवा जाते, त्यामुळे भात ओला होत नाही आणि कडकही होत नाही. सकाळी भरलेली क्रतिप खांद्याला अडकवून माणसं शेतावर जातात. जेवताना त्यातून चिमूटभर भात उजव्या हातानं घ्यायचा, बोटांनी दाबून त्याची गोळी करायची, ती चटणीत टेकवायची. तो हाताला चिकटत नाही, भाताला भात चिकटतो. आपण भाकरीचा तुकडा मोडतो त्याच लयीत त्यांचा हात चालतो. आणि एकाच क्रतिपमधून सगळे घेतात.

त्या पहाटे पहिला भात घरात कुणी खाल्ला नाही. मॅयाय क्रतिप घेऊन रस्त्याकडेला गुडघ्यांवर बसली, मला शेजारी बसवलं. भिक्षूंची रांग अनवाणी आली. प्रत्येकाच्या पात्रात एकेक चिमूट भात. तिकडे रस्त्यावर बहुधा नुसता भातच घालतात, कालवण मागाहून विहारात नेऊन देतात. नुकतीच आषाढी पौर्णिमा होऊन गेली होती. आपली गुरुपौर्णिमा तीच त्यांची ‘असान्हा बूचा’, आषाढ पूजा. दुसऱ्या दिवसापासून भिक्षूंचा वर्षावास. ‘फान्सा’ म्हणतात, मूळ शब्द वर्षा. आपला चातुर्मास चार महिन्यांचा, त्यांचा तीन. उबोनला त्या दिवशी मेणाच्या कोरीव मेणबत्त्यांची मिरवणूक निघते, पाहण्यासारखी असते. पण माझ्या डोळ्यांसमोर अजून ती चिमूटच येते.

भात वाटून परत आलो. तिनं चटई अंथरली. मी माझा डबा माळ्यावर ठेवला होता. क्रतिपमधला भात घेतला, मिरचीत टेकवला. डोळ्यांत पाणी आलं, तिखटानं. तिनं पाठीवर थाप मारली.

आता चिठ्ठी आली आहे, वाचते. ‘आम्ही माळकरी. आमच्या शेजारी जैन कुटुंब आहे. आमच्यासारख्यांनी मासे खायचे का?’ रास्त प्रश्न आहे, आणि समोरची चुळबुळही मला दिसतेय. नाही, अजिबात नाही. मी आजही शाकाहारी आहे, तिथेही मासा खाल्ला नाही. मी म्हणते ते एवढंच, की त्यांच्या परातीतलं जे तुम्हाला चालतं ते खा, आणि आपलं वेगळं उघडून बसू नका. चालणारं पुष्कळ असतं. भात, केळी, फणस, उकडलेल्या भाज्या, कच्ची पपई. ईशानची मिरचीची चटणी ‘चॅव’, आपला ठेचाच. फक्त त्यात ‘प्लारा’ घालू नका असं आधी सांगायचं. प्लारा म्हणजे मिठात आणि तांदळाच्या कोंड्यात महिनोन्‌महिने मुरवलेला मासा. मघाशी मीठ सांगितलं ना, ते इथे लागतं. पावसात भरलेल्या शेतांत मासे भरपूर, नंतर कोरडे महिने, आणि जमिनीतच मीठ. माणसांनी दुसरं काय केलं असतं? आपल्या किनाऱ्यावर सुकट-बोंबील का झाले, त्याचंच हे उत्तर. वासाला नाक मुरडू नका, त्या रांजणात त्या घराची बेगमी असते.

शब्दही आहेत. ‘मांगसविरत’ म्हणजे मांसविरती, थेट आपला शब्द. आणि ‘चे’ म्हटलं तर मांस-मासे नाहीतच, लसूण-कांदाही नाही. जैन मंडळींनी हा शब्द लिहून घ्यावा. पण खेड्यात हॉटेलातल्यासारखं नुसतं सांगून भागत नाही. चुलीपाशी जाऊन बसा, मिरची तुम्ही कुटा. मॅयायनं तिसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी चॅव वेगळा कुटायला मलाच बसवलं. खलबत्ता मला येतोच.

आणखी एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. थाईत पाहुण्याला ‘खॅक’ म्हणतात. आणि भारतीय माणसालाही खॅक म्हणतात. आपल्यातल्या काहींना ते खटकतं, पहिल्यांदा मलाही खटकलं. पण भातलावणीच्या वेळी गावानं मिळून एकाच्या शेतात उतरण्याला जो शब्द आहे, त्यातही तोच खॅक. ‘लोंग खॅक’. आपली इर्जिक, आपली सावड. आज तुझ्या शेतात दहा हात, उद्या माझ्या, मजुरी नाही, शेतवाल्यानं जेवण घालायचं. मीही चिखलात उतरले. दोन तास वाकून रोपं लावली, पुढचे दोन दिवस कंबर धरून बसले. बांधावर सगळ्यांच्या क्रतिपी एका फांदीला टांगलेल्या होत्या. दुपारी त्या उतरवल्या, माझ्यासमोर तीन-चार जणींनी आपापल्या उघडून धरल्या. मी प्रत्येकीतून चिमूट घेतली. आता हे कमी होतंय. नांगराला ‘लोखंडी रेडा’ आला, म्हणजे हातानं धरायचा छोटा ट्रॅक्टर. मजूर पैशावर मिळतात, तरुण शहरात असतात. आपल्याकडची इर्जिक कशी गेली, ते तुम्ही पाहिलंच आहे.

त्या शेतात काय लावत होते तेही ऐका. एका तुकड्यात ‘होम मली’, ज्याला आपण जस्मिन राइस म्हणतो. तो विकायला. दुसऱ्यात चिकट तांदूळ, घरी खायला. होम मलीचं जे प्रसिद्ध वाण, खाव दॉक मली १०५, ते १९५९ साली मान्य झालं. त्याच्याच बियाण्यावर गॅमा किरण सोडून १९७७ साली चिकट तांदळाचं आरडी ६ हे वाण काढलं. म्हणजे बाजारात जाणारी आणि घरात राहणारी, दोघी मायलेकी. जगभरच्या दुकानांतून जो सुवासिक तांदूळ मिळतो तो पिकवणारी माणसं स्वतः रोज दुसराच भात खातात. दुकानातून तांदूळ आणून आपल्याला वाटतं की थायलंडचा भात खाल्ला, तो त्यांच्या क्रतिपमधला नसतो.

वारं सुटलंय, वळवाची चिन्हं आहेत, आणि कार्यवाहांनी मनगटावर बोट ठेवलंय. ‘सुखवान’बद्दल बोलायचं होतं. निघताना मनगटाला पांढरे दोरे बांधतात, अंगातले बत्तीस ‘ख्वान’, म्हणजे जीवाचे अंश, वाटेत कुठे राहून जाऊ नयेत म्हणून. गावाची राखीव राई, दॉन पूता, आपल्या देवराईची सख्खी बहीण, तीही राहिली. एक पुस्तक मात्र सांगते. कामपून बुन्तवी यांची ‘लूक ईशान’, म्हणजे ईशानचं लेकरू. लेखक यसोथोनचेच. दुष्काळात अन्न शोधत निघालेल्या कुटुंबाची कादंबरी, १९७९चा साहित्य पुरस्कार मिळालेली. ज्यांनी १९५५ची माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचली आहे, त्यांनी हिचा इंग्रजी अनुवाद मिळवून वाचावा. मराठीत कुणी आणेल तर फार मोठं काम होईल. हे मी आवाहन म्हणून सांगते.

खुर्च्या हलायला लागल्या, पाचच मिनिटं थांबा. लोक मला विचारतात, कधी जायचं? हिवाळ्यात, असं सगळे सांगतात. मी सांगते, आषाढात जा. चिखल असतो, वाहनं रखडतात, डास असतात. पण गाव कामावर असतं, आणि कामावर असलेलं गाव बांधावर एकत्र जेवतं. आपल्या आषाढीला अजून दोन महिने आहेत, तयारीला पुरतात. जाताना एकच वाक्य पाठ करून जा. तिथे वाटेत भेटणारं माणूस ‘कसे आहात’ आधी विचारत नाही. ते विचारतं, ‘किन खाव लेव बो?’, म्हणजे भात खाल्ला का? आपल्याकडे ‘जेवलात का?’ विचारतात तसंच. खरं उत्तर द्या. भूक असेल तर ‘नाही’ म्हणा. चटई आपोआप अंथरली जाते.

तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा मॅयाय अंथरुणाला खिळली होती. भात नातसुनेनं केला. मॅयायला बसतं केलं, तिनं क्रतिप स्वतः उघडली, माझ्यापुढे धरली आणि जेवण झाल्यावर झाकण लावायला मला सांगितलं. जेवणानंतर क्रतिप उघडी राहिली तर घर मोडतं, नवरा-बायको वेगळे होतात, असं तिकडच्या बायका मानतात. मी झाकण लावलं. पुढच्या पावसाळ्यात ती गेल्याचं कळलं. ही क्रतिप तिचीच, तिच्या नातीनं माझ्यासाठी पाठवून दिलेली.

पाऊस येण्याआधी पुढे या, हात लावून बघा, वास घेऊन बघा, अजून भाताचा येतो. बघून झालं की झाकण तेवढं परत लावा.